सांतो दोमिंगोचे पाच दिवस : आई-बाबांसोबत पाहिलेले जुने शहर

डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर चार भारतीय पासपोर्ट मांडलेले होते. एक माझा, एक बाबांचा आणि दोन आईचे, कारण आईचा अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा तिच्या मुदत संपलेल्या जुन्या पासपोर्टावर आहे. आई-बाबा नोव्हेंबरात साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला, एडिसनला आले होते. बाबांनी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. कोलंबस, वास्को द गामा आणि आल्बुकर्क यांचे धडे त्यांनी दरवर्षी नव्या उत्साहाने घेतले, पण त्या धड्यांतली एकही जागा त्यांनी स्वतः पाहिलेली नव्हती. इतक्या जवळ आलो आहोत, तर युरोपीयांनी अमेरिका खंडात वसवलेले आणि आजही नांदते असलेले सर्वांत जुने शहर पाहता येईल का, असे त्यांनी एका संध्याकाळी अगदी संकोचाने विचारले. ते शहर म्हणजे डॉमिनिकन प्रजासत्ताकाची राजधानी सांतो दोमिंगो.

वयस्कर आई-वडिलांना घेऊन, भारतीय पासपोर्टावर, अमेरिकेतून तिसऱ्या देशात जायचे आणि परत अमेरिकेत यायचे, या कल्पनेने मला दोन आठवडे नीट झोप लागली नाही. पोर्तो रिकोतले सान हुआन हा सोपा पर्याय होता, कारण तो अमेरिकेचाच प्रदेश असल्याने पुन्हा सीमा ओलांडावी लागत नाही. पण बाबांच्या मनात सांतो दोमिंगो होते आणि मलाही त्यांना दुसऱ्याच शहरावर समाधान मानायला लावायचे नव्हते. आमच्यासारख्या परिस्थितीत असलेल्या कुणाला उपयोग होईल, म्हणून सगळे क्रमाने लिहून ठेवते आहे.

पहिला प्रश्न व्हिसाचा होता. भारतीय नागरिकांना या देशासाठी व्हिसा लागतो, पण ज्यांच्याकडे अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड आहे, त्यांना पर्यटक म्हणून वेगळ्या व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे आणि आई-बाबांकडे पर्यटक व्हिसा आहे, त्यामुळे आम्ही तिघेही या सवलतीत बसत होतो. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. एच-वन-बी, म्हणजे अमेरिकेत नोकरीसाठी मिळणाऱ्या व्हिसावर असलेल्या अनेकांच्या पासपोर्टावरचा व्हिसा संपलेला असतो आणि हातात फक्त मुदतवाढीचे मंजुरीपत्र असते. ते पत्र म्हणजे व्हिसा नव्हे. त्याच्या भरवशावर या सहलीचे तिकीट काढू नये, कारण प्रश्न तिथल्या प्रवेशाचाही आहे आणि अमेरिकेत परतण्याचाही.

आईच्या दोन पासपोर्टांबद्दल मी डॉमिनिकन दूतावासाकडे ईमेलने विचारणा केली. नऊ दिवसांनी दोन ओळींचे उत्तर आले की दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवावेत. तो ईमेल मी छापून घेतला आणि पुढे त्या कागदानेच आम्हाला तारले. २ जानेवारीला तिकिटे काढली. माणशी ३४० डॉलर पडले. पर्यटकांकडून घेतला जाणारा १० डॉलरचा प्रवेशकर आता विमानाच्या तिकिटातच धरलेला असतो, त्यामुळे विमानतळावर उतरून वेगळे कार्ड विकत घ्यावे लागत नाही. तिकीट काढतानाच बाबांसाठी चाकाच्या खुर्चीची विनंती नोंदवली. तिला पैसे पडत नाहीत. बाबांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. ते काठी घेऊन चालतात, पण रांगेत तासभर उभे राहणे त्यांना जमत नाही. आई-बाबांचा अमेरिकेतला विमा अमेरिकेबाहेर लागू नव्हता, म्हणून पाच दिवसांचा वेगळा प्रवास विमा घेतला. तिघांचे मिळून ४८ डॉलर झाले.

दुसरा कागद म्हणजे तिथल्या सरकारचा ई-तिकीट नावाचा अर्ज. देशात येताना आणि देशातून निघताना, दोन्ही वेळा तो भरावा लागतो. त्यात प्रवासाचा तपशील, राहण्याचा पत्ता आणि सीमाशुल्काची माहिती द्यायची असते. कुटुंबाचा अर्ज एकत्र भरता येतो आणि शेवटी एक क्यूआर कोड मिळतो. सरकारी संकेतस्थळावर हा अर्ज पूर्णपणे मोफत आहे. शोध घेताना मात्र पैसे मागणारी, दिसायला हुबेहूब अशी इतर संकेतस्थळे समोर येतात, तेव्हा पत्ता दोनदा वाचावा. मी निघण्याच्या दोन दिवस आधी अर्ज भरला, कोड फोनमध्ये जतन केला आणि कागदावरही छापला.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी आम्ही विमानतळावर पोहोचलो. सोमवारी प्रेसिडेंट्स डेची सुट्टी होती, म्हणून हे दिवस निवडले होते. विमान कंपनीच्या खिडकीवर पहिला अडथळा आला. तिथल्या कर्मचारी बाईंनी भारतीय पासपोर्टाला व्हिसा लागतो असे सांगून आमचे सामान बाजूला ठेवले. मी नियमाची छापील प्रत दाखवली, आईचा जुना पासपोर्ट उघडून दाखवला आणि शेवटी दूतावासाचा ईमेल पुढे केला. त्यांनी वरिष्ठांना बोलावले, फोन झाले आणि पंचवीस मिनिटांनी बोर्डिंग पास हातात पडले. त्या पंचवीस मिनिटांत बाबा एक शब्दही बोलले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून ते नुसते माझ्याकडे पाहत होते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की प्रत्येक कागद छापून न्या आणि विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा.

चार तासांनी आम्ही सांतो दोमिंगोत उतरलो. हिवाळ्यात तिथले घड्याळ न्यूयॉर्कच्या एक तास पुढे असते. चाकाच्या खुर्चीमुळे आम्हाला वेगळ्या रांगेतून नेले, अधिकाऱ्याने आईचे दोन्ही पासपोर्ट पाहिले, शिक्का मारला आणि इतक्या दिवसांची काळजी चार मिनिटांत संपली. विमानतळ शहराच्या पूर्वेला बराच लांब आहे. टॅक्सीला ४० डॉलर दिले. रस्ता समुद्राच्या कडेने जातो आणि आई सगळा वेळ काचेला कपाळ लावून बसली होती.

राहण्यासाठी जुन्या शहरातच, म्हणजे सोना कोलोनियाल या भागात, एका जुन्या वाड्यातले छोटे हॉटेल निवडले होते. मधोमध चौक, चौकात झाडे आणि भोवती खोल्या, अशी रचना पाहून आईला तिचे माहेर आठवले. एका रात्रीचे ९५ डॉलर होते. अशा जुन्या इमारतींत लिफ्ट नसते, तेव्हा तळमजल्याची खोली आधीच लेखी मागून घ्यावी. नळाचे पाणी पिण्याजोगे नसते; दात घासायलासुद्धा आम्ही बाटलीचे पाणी वापरले.

शनिवारी सकाळी आठ वाजता, ऊन चढायच्या आत बाहेर पडलो. फेब्रुवारीतही दुपारी तिशीच्या आसपास तापमान जाते, म्हणून सकाळी तीन तास, मग विश्रांती आणि संध्याकाळी दोन तास असा नेम ठरवला होता आणि तो शेवटपर्यंत पाळला. रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे आहेत. मूळ वसाहत कोलंबसाचा भाऊ बार्तोलोमे याने १४९६ मध्ये ओसामा नदीच्या पूर्व काठावर वसवली होती. वादळात ती उद्ध्वस्त झाल्यावर गव्हर्नर निकोलास दे ओवांदो याने १५०२ मध्ये ती पश्चिम काठावर हलवली आणि चौकटीसारखी आखणी केली. पुढे स्पॅनिशांनी या खंडात जी शहरे वसवली, त्यांना ही आखणी नमुना ठरली. १९९० पासून हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. पदपथ मात्र अरुंद आहेत, त्यांची उंची जागोजागी बदलते आणि काही गल्ल्यांत दुरुस्तीसाठी खणलेले होते. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी काठी आणि चांगल्या तळव्याचे बूट न्यावेत.

पार्के कोलोन या चौकात कोलंबसाचा पुतळा आहे. त्याचा हात उत्तरेकडे उगारलेला आहे आणि चौथऱ्यावरून वर चढणारी, त्याचे नाव लिहिणारी एक ताईनो, म्हणजे या बेटावरच्या मूळ रहिवाशांपैकी, स्त्री कोरली आहे. ती अनाकाओना, या बेटावरच्या हाराग्वा राज्याची राणी. ज्या ओवांदोने हे शहर आखले, त्यानेच १५०३ मध्ये तिला फाशी दिले. तिलाच नंतरच्या काळात कोलंबसाच्या पायाशी, कृतज्ञ मुद्रेत उभी केलेली पाहून बाबा बराच वेळ बाकावर बसून राहिले. “इतकी वर्षे मी मुलांना हा धडा जहाजांवर संपवत आलो,” ते म्हणाले, “जमिनीवर काय झालं ते पुस्तकात एका ओळीत होतं.” ते वाक्य पुढचे चार दिवस माझ्यासोबत होते.

चौकाच्या एका बाजूलाच अमेरिका खंडातले पहिले कॅथेड्रल आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते बांधले गेले आणि १५४६ मध्ये पोपने त्याला या नव्या प्रदेशातल्या सर्व चर्चांमध्ये अग्रस्थान दिले. प्रवाळखडकाच्या दगडाला सकाळच्या उन्हात मधासारखा रंग येतो. आत गॉथिक पद्धतीच्या उंच कमानी आणि शांत गारवा आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात, त्यामुळे आईच्या साडीचे दारावरच्या बाईंनी मनापासून कौतुक केले. जानेवारी १५८६ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकने हे शहर महिनाभर ताब्यात ठेवले, लुटले, घरे जाळली आणि २५,००० डुकॅट, म्हणजे सोन्याची नाणी, खंडणी घेऊनच तो गेला. त्या महिनाभर त्याच्या लोकांचा तळ या कॅथेड्रलमध्ये होता.

संध्याकाळी काये लास दामास, म्हणजे स्त्रियांची गल्ली, पाहिली. अमेरिका खंडात युरोपीयांनी फरसबंद केलेला हा पहिला रस्ता मानतात. कोलंबसाचा मुलगा दिएगो याची पत्नी मारिया दे तोलेदो आणि तिच्या सख्या इथे संध्याकाळी फिरायला येत, म्हणून हे नाव पडले. रस्त्याच्या दक्षिण टोकाला ओसामा किल्ला आणि त्याचा जाड भिंतींचा बुरूज आहे. विसाव्या शतकापर्यंत हा बुरूज तुरुंग म्हणून वापरात होता. सज्जनगड आणि अजिंक्यतारा पाहिलेल्या डोळ्यांना तो बुटका वाटतो, पण नदीच्या मुखावर त्याची जागा इतकी अचूक आहे की बाबांनी काठीने जमिनीवर नकाशा काढून ती मला समजावली. जवळच १७५३ सालचे दगडी छायायंत्र आहे; नदीजवळच्या इमारतीत बसलेल्या अधिकाऱ्यांना खिडकीतून वेळ दिसावी, यासाठी ते तिथे उभारले गेले.

रविवारी अल्कासार दे कोलोन, म्हणजे दिएगो कोलंबसाचा वाडा पाहिला. सोमवारी इथली बहुतेक संग्रहालये बंद असतात, तेव्हा दिवस ठरवताना हे लक्षात ठेवावे. प्रवेशशुल्क अगदी माफक आहे आणि त्यातच कानाला लावायचे माहितीयंत्र मिळते. १५१० च्या सुमारास या वाड्याचे काम सुरू झाले, म्हणजे ज्या वर्षी आल्बुकर्कने गोवा घेतले, त्याच काळात. पुढे वाड्याची पूर्ण पडझड झाली होती आणि १९५० च्या दशकात तो पुन्हा उभारला गेला, त्यामुळे आतले सामान मूळ घराण्याचे नसून त्या काळातले, इतर ठिकाणांहून आणलेले आहे. वरच्या मजल्याच्या सज्जातून ओसामा नदी दिसते. बाबांना जिने चढायला वीस मिनिटे लागली, पण रखवालदाराने स्वतःची खुर्ची उचलून सज्जात आणून ठेवली आणि आम्ही तिथे पाऊण तास बसलो.

जेवणाबद्दल आईला सर्वांत जास्त काळजी होती, कारण ती मांस-मासे खात नाही. भात, राजम्यासारख्या घेवड्याची उसळ, तळलेल्या कच्च्या केळ्याच्या चपट्या चकत्या, अव्होकाडो आणि तळलेले चीज, एवढे सर्वत्र मिळते. उसळीत मांसाचा तुकडा घातलेला असू शकतो, म्हणून आधी ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, असे सांगावे. बिल पाहताना दचकू नये: पदार्थांच्या किमतीवर १८ टक्के कर आणि १० टक्के सेवाशुल्क लागते, त्यामुळे १,००० पेसोचे जेवण १,२८० ला पडते. एका डॉलरला तेव्हा साठच्या थोडे वर पेसो मिळत होते.

रविवारी दुपारी एका खानावळीत आईने पाटीवर ‘बटाटा’ असा शब्द वाचला. खरे तर ‘बाताता’, पण तिने तो आपल्या उच्चाराने वाचला आणि तोच मागवला. ताटात आले रताळे. बाबांना आठवले आणि मी फोनवर तपासले: बाताता हा ताईनो लोकांचा रताळ्यासाठीचा शब्द. तो स्पॅनिशात आणि पोर्तुगीजांत गेला, पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आला आणि मराठीत दुसऱ्याच कंदाचे नाव होऊन बसला. या बेटावर मात्र तो अजून रताळ्याचाच आहे. ज्यांची राणी त्या चौथऱ्यावर कोरलेली आहे, त्यांच्या भाषेतला एक शब्द साताऱ्याच्या मंडईत रोज उच्चारला जातो, हे कळल्यावर आई हातातला घास तसाच धरून थांबली.

सोमवारी संग्रहालये बंद म्हणून पायी फिरण्याचा दिवस ठेवला होता. एल कोंदे या पादचारी रस्त्याने पुएर्ता देल कोंदे या वेशीपर्यंत गेलो. २७ फेब्रुवारी १८४४ रोजी इथेच या देशाने हैतीपासून स्वातंत्र्य घोषित केले. वेशीआतल्या उद्यानात दुआर्ते, सांचेस आणि मेया या तीन संस्थापकांचे स्मारक आहे आणि फेब्रुवारीत सगळे शहर निळ्या-लाल-पांढऱ्या झेंड्यांनी भरलेले असते. २७ फेब्रुवारी म्हणजे आपला मराठी भाषा गौरव दिन, हे आईच्याच लक्षात आले. शाळेच्या गणवेशातली मुले तिथे रांगेने येत होती आणि बाबा त्यांच्या शिक्षकाकडे पाहून हात जोडून हसले. त्या शिक्षकांनीही छातीवर हात ठेवून उत्तर दिले.

तिथून टॅक्सीने समुद्राकाठच्या मालेकोन रस्त्यावर आलो. वाटेत तो उंच स्तंभ दिसला, जो हुकूमशहा त्रुहियोच्या काळात उभारला गेला आणि ज्यावर आता मिराबाल भगिनींची चित्रे आहेत. त्रुहियोने १९३६ मध्ये या शहराला स्वतःचे नाव दिले होते आणि १९६१ मध्ये त्याची हत्या झाल्यावर जुने नाव परत आले. २५ नोव्हेंबर १९६० रोजी त्याच्या हस्तकांनी मारलेल्या या तीन बहिणींच्या स्मरणार्थ तो दिवस जगभर स्त्रियांवरील हिंसाचाराच्या विरोधातला दिवस म्हणून पाळला जातो.

पुढे नदीच्या मुखाजवळ आंतोनिओ दे मोंतेसिनोस या धर्मगुरूचा प्रचंड पुतळा आहे, मेक्सिकोने भेट दिलेला. एक हात तोंडापाशी धरून तो समुद्राकडे ओरडतो आहे. २१ डिसेंबर १५११ रोजी, या शहरातल्या प्रवचनात, खुद्द दिएगो कोलंबस समोर बसलेला असताना, त्याने वसाहतवाल्यांना विचारले होते की कोणत्या अधिकाराने तुम्ही या लोकांना असे गुलामीत ठेवता, ही माणसे नाहीत का? त्या काळचे स्पॅनिश धर्मगुरू आणि इतिहासलेखक बार्तोलोमे दे लास कासास यांनी ते प्रवचन लिहून ठेवले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले. ताईनो समाज तोवर खाणींतली सक्तमजुरी आणि नव्या रोगांनी झपाट्याने नष्ट होत होता आणि त्यांच्या जागी आफ्रिकेतून गुलाम आणले जाऊ लागले होते. कॅथेड्रल, वाडा, किल्ला हे सगळे पाहून झाल्यावर मला या शहरातली सर्वांत महत्त्वाची जागा हीच वाटली. कुणाकडे फक्त एकच दिवस असेल, तर वाडा राहिला तरी चालेल, पण इथे नक्की यावे. ऊन मात्र कडक असते आणि सावली नाही, तेव्हा सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जावे.

लोस त्रेस ओहोस या गुहांमधल्या तळ्यांना आम्ही गेलो नाही, कारण तिथे खूप पायऱ्या आहेत.

मंगळवारी, १८ फेब्रुवारीला, विमानतळाच्या वाटेवर पूर्व काठावरचे फारो आ कोलोन पाहिले. कोलंबसाच्या प्रवासाला ५०० वर्षे झाली, तेव्हा १९९२ मध्ये उघडलेले हे आडव्या क्रॉसच्या आकाराचे काँक्रीटचे स्मारक आहे. कोलंबसाच्या अस्थी इथे आहेत, असे हा देश मानतो, कारण १८७७ मध्ये कॅथेड्रलमध्ये त्याच्या नावाची शिशाची पेटी सापडली. स्पेनच्या मते त्या तिथल्या सेव्हिया शहरात आहेत आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी डीएनए चाचणीवरून सेव्हियातल्या अस्थी त्याच्याच असल्याचे जाहीर केले. आम्ही बाहेरूनच पाहून निघालो.

परतीच्या ई-तिकिटाचा कोड विमानतळावर मागितला गेला. अमेरिकेत उतरल्यावर अधिकाऱ्याने बाबांना सहलीचे कारण आणि भारतात परतण्याची तारीख विचारली. भारताचे परतीचे तिकीट छापून जवळ होते, ते दाखवले. घरी आल्यावर दोघांचीही आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि राहण्याच्या मुदतीची, नोंद संकेतस्थळावर उघडून तारीख पाहून ठेवली. हे काम त्याच दिवशी करावे. विमानाची तिकिटे, चार रात्रींचे हॉटेल, विमा, टॅक्सी, जेवण आणि प्रवेशशुल्क धरून तिघांचा खर्च सुमारे १,८६० डॉलर झाला.

सामानात आईने कासाबेचे एक पाकीट आणले होते, कसाव्याच्या कंदाची ती पातळ, कुरकुरीत भाकरी. ताईनो लोक ती करत आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती करण्याची परंपरा युनेस्कोच्या अमूर्त वारशात नोंदली गेली. सीमाशुल्काच्या प्रश्नाला आम्ही ते पाकीट जाहीर केले आणि ते नेऊ दिले. २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र होती. ही भाकरी उपवासाला चालेल का, असे आईने विचारले. साबुदाणा याच कंदापासून होतो, असे बाबांनी सांगितल्यावर तिने दाण्याची आमटी टाकली आणि कासाबेचे तुकडे तव्यावर गरम करायला ठेवले.